पत्रिकेतला पितृदोष आणि घरात राहून गेलेली एक क्रिया

मी साताऱ्यात याज्ञिकी करतो, पत्रिकाही पाहतो. ज्या घराविषयी लिहितो आहे त्यांना विचारूनच लिहितो आहे. ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

2023 च्या भाद्रपदात गौरी-गणपती नुकतेच गेले होते आणि पितृपंधरवडा चार-पाच दिवसांवर आला होता. एक आई आणि तिचा चौतीस वर्षांचा मुलगा आले. राहायला पुण्यात हडपसरला, मूळ गाव माण तालुक्यातलं. मुलाचं लग्न जमत नव्हतं. आईने पिशवीतून एकाच मुलाच्या तीन पत्रिका काढल्या, तीन ठिकाणी मांडून घेतलेल्या. तिन्हींच्या मागे शेरा एकच होता, पितृदोष. सोबत उपायांची यादी होती: नारायण नागबळी, त्रिपिंडी, गोमेद आणि वर्षभर दर अमावास्येला दान. त्यातला गोमेद मुलाच्या बोटात होता. त्रिपिंडी होऊन दीड वर्ष झालं होतं.

"आता नागबळी तेवढं राहिलंय गुरुजी. ते तुम्ही कराल का?" आईने विचारलं.

मी नाही म्हटलं नाही. आधी पत्रिका बघू, म्हटलं.

पत्रिका

जन्म फेब्रुवारी 1989 च्या अखेरचा, दुपारचा. मिथुन लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास मिथुन. राहू तेव्हा कुंभेत होता आणि रवीही कुंभेतच, म्हणजे नवमात, लग्नापासून नवव्या स्थानात, रवि-राहू युती. पुढे 7 मार्चला सूर्यग्रहण होतं, त्यामुळे दोघांमधलं अंतरही थोडंच. नवम हे पूर्वजांचं आणि भाग्याचं स्थान, रवि पित्याचा कारक, राहू त्याला ग्रासणारा. आजच्या रिवाजाप्रमाणे याहून ठळक पितृदोष सापडायचा नाही. तिघांनी तेच लिहिलं यात नवल नव्हतं.

पण एक साधा हिशेब करून बघावा. राहू एका राशीत सुमारे दीड वर्ष असतो. रवि दर महिन्याला रास बदलतो. म्हणजे दर वर्षी एक महिना रवि राहूच्या राशीत असतो आणि एक महिना केतूच्या. त्या दोन महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पत्रिकेत ही युती येणार, म्हणजे सहातल्या एकाच्या. नवमातच हवी अशी अट घातली तर संख्या बरीच खाली येते. पण ती अट आता कोण पाळतं? रवि-शनि एकत्र आले तरी पितृदोष, चंद्र-राहू आले तरी पितृदोष, नवमेश, म्हणजे नवम स्थानाचा स्वामी, पापग्रहाबरोबर बसला तरी तोच, पंचमात राहू आला तरी तोच. इतकी कलमं लावल्यावर न सापडणारी पत्रिकाच शोधत बसावी लागते.

जुन्या ग्रंथात काय आहे? बृहत्पाराशरहोराशास्त्रात पूर्वजन्मीच्या शापांचा अध्याय आहे. सर्पशाप, पितृशाप, मातृशाप, भ्रातृशाप, मातुलशाप, ब्रह्मशाप, पत्नीशाप आणि प्रेतशाप. हे सगळे योग संततीविषयी आहेत. त्यांचा सगळा रोख पंचमस्थान, पंचमेश आणि पुत्रकारक गुरू यांच्यावर आहे. लग्न लांबणं, नोकरी जाणं, घरात भांडणं होणं यांची जबाबदारी तिथे पितरांवर टाकलेली नाही. आपण ती मागाहून टाकली.

या मुलाचं लग्न लांबल्याचं कारण त्याच पत्रिकेत उघडं होतं. सप्तमात, म्हणजे विवाहाच्या स्थानात, धनू राशीत शनि. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा उशिरा विवाह सांगेल. त्यासाठी पितरांना मध्ये आणायची गरज नव्हती.

मात्र त्याच अध्यायात प्रेतशापाविषयी एक गोष्ट आहे. पंचमात शनि-रवि, सप्तमात क्षीण चंद्र असे योग तिथे दिलेले आहेतच, पण त्यांच्या आधी कारण सांगितलं आहे: ज्याने श्राद्ध करायचं त्याने ते केलं नाही, कर्माचा लोप झाला, म्हणून गेलेल्याला प्रेतत्व राहिलं. हे कारण ग्रहांत सापडत नाही. ते घरात जाऊन विचारावं लागतं. पहिली दहा वर्षं मीही ते विचारत नव्हतो. पत्रिका बघायचो आणि दोष सांगायचो. त्या वर्षांत मी किती घरांत उगाच भीती पेरली असेल याचा विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

घर

मी कोरा कागद घेतला आणि वंशावळ मांडायला बसलो. मुलाचे वडील 2016 मध्ये गेले. दहावा, बारावा, वर्षश्राद्ध, भरणी, सगळं रीतसर. आजोबा-आजींचंही झालेलं. घरात म्हाळ दर वर्षी घालतात, गावाकडे भाऊबंद जेवायला येतात. कुठे काही राहिलेलं दिसत नव्हतं.

"सासऱ्यांना मुलं किती?" मी विचारलं.

"दोन. हे थोरले."

"आणि धाकटे?"

आई गप्प झाली. मुलाने खाली बघितलं. मग ती म्हणाली, "धाकटे भाऊजी आहेत का नाहीत, ते कुणालाच ठाऊक नाही."

मग सगळं बाहेर आलं. धाकटे काका लालबागला गिरणीत होते. माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यातली कितीतरी घरं तेव्हा गिरणीच्या पगारावर चालायची. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि महिने सरत गेले तसे त्यातले पुष्कळजण गावी परतले. काकाही परतले. वर्षभर दुसऱ्यांच्या बांधावर रोजगार केला. 1983 च्या ज्येष्ठात एक दिवस "गिरणी उघडली का बघून येतो" म्हणून एसटीत बसले. मुंबईच्या खोलीवर ते पोचलेच नाहीत. थोरल्या भावाने दोन वर्षं शोधलं. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्या, इस्पितळं, पंढरपूर, आळंदी. पोलिसांत तक्रार झाली नाही. घरातला माणूस हरवला हे कागदावर आणायला आजोबा तयार नव्हते.

मागे राहिली काकू. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती माहेरी गेली नाही. दिराच्या मुलांना तिने वाढवलं, शेत सांभाळलं आणि चाळीस वर्षं कपाळाला कुंकू लावलं. दर ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळलं.

मी आईला विचारलं, "पितृदोष सांगणाऱ्यांना हे सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही."

या तीन शब्दांमुळेच हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं. दोन वर्षांत या घराने उपायांवर साठ हजारांच्या वर खर्च केला. पूर्वजांच्या नावाने केलेल्या त्या विधींमध्ये, ज्याची क्रिया खरोखर राहिली होती त्याचा उच्चार एकदाही झाला नव्हता. त्रिपिंडीत ज्ञात-अज्ञात सगळ्यांसाठी पिंड देतात हे खरं. पण ज्याचं नाव, गोत्र, नातं घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला अज्ञातांत का ढकलायचं?

लग्न न जमण्याची कारणंही पुढच्या बोलण्यात पुढे आली, आणि ती सगळी या भूतलावरची होती. सातबाऱ्यावर काकांचं नाव तसंच होतं, त्यामुळे जमिनीची वाटणी अडलेली, घर जुनं, त्यावर कर्ज मिळेना. मुलीकडचे गावी आले की विचारायचे, काकूंचे मालक कुठे असतात? त्यावर घरातले प्रत्येकजण वेगळं उत्तर द्यायचे. दोन स्थळं तर आईच्या प्रामाणिकपणामुळे मोडली. तिने आपणहून सांगितलं होतं की पत्रिकेत पितृदोष आहे, शांती करून घेतोय. मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी नकार कळवला. दोषाने लग्न अडवलं की दोषाच्या शेऱ्याने, हे मी सांगायला नको.

पितर काय मागतात

मुलगा इंजिनिअर, वाचणारा. त्याने मला नेमका प्रश्न विचारला. "गुरुजी, कर्म ज्याचं त्याला भोगायचं असतं ना? मग खापरपणजोबांनी काही केलं असेल तर ते मी का भोगायचं?"

प्रश्न नवा नाही. आपल्या दर्शनकारांनी त्याला नावही दिलं आहे, अकृताभ्यागम. जे केलंच नाही त्याचं फळ पदरात येणं. कर्मसिद्धांतात हा दोष मानला आहे, म्हणजे असं होता कामा नये. तेव्हा पूर्वजांचं पाप वारशाने उतरतं असं कुणी सांगत असेल तर तो कर्मसिद्धांताच्याच विरोधात बोलतो आहे.

वारशाने उतरतं ते ऋण. तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की माणूस जन्माला येतो तो तीन ऋणं घेऊन: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. ऋण म्हणजे शिक्षा नव्हे. ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांचं काही आपल्याकडे देणं आहे, एवढाच त्याचा अर्थ. देणं राहिलं की मनावर ओझं राहतं आणि ते त्या माणसाशी जोडलेल्या सगळ्यांवर राहतं. या घरात ते चाळीस वर्षं होतं.

मी त्याला महाभारताच्या आदिपर्वातली जरत्कारूची गोष्ट सांगितली. हा ब्रह्मचारी तपस्वी हिंडत असताना त्याला एका खड्ड्यात काही जण उलटे टांगलेले दिसतात. वाळ्याच्या एका मुळाला ते धरून आहेत आणि ते मूळ उंदीर कुरतडतो आहे. विचारपूस करता कळतं की ते त्याचेच पितर. त्यांची मागणी एकच, तू लग्न कर, वंश राहू दे. ते त्याला शाप देत नाहीत, विनवतात. ज्यांची अशी स्थिती सांगितली आहे ते पितर आपल्याच मुलाचं लग्न कशाला अडवतील? मुलाने बोटातला गोमेद फिरवत बराच वेळ काही म्हटलं नाही.

हरवलेल्याचं काय करायचं

नारायणबळी हा मुळात दुर्मरणाचा विधी: पाण्यात, आगीत, अपघातात, आत्मघाताने गेलेल्यांसाठी. नागबळी नागहत्येसाठी. त्र्यंबकेश्वरी हे दोन्ही जोडून तीन दिवसांत करायची परंपरा आहे. ज्या घराला ते लागू आहे त्याने तिथे श्रद्धेने जावं. पण या घरात नाग मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि काकांच्या बाबतीत त्याआधीचा प्रश्न सुटला नव्हता: ज्याचा दाहच झाला नाही त्याला पुढचं काही कसं देणार?

यासाठी शास्त्रात वेगळी वाट आहे. निर्णयसिंधु हा ग्रंथ इ.स. 1612 चा, धर्मसिंधु शके 1712 चा, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्यांचा. दोघांतही परागंदा माणसाचा विचार केलेला आहे. बारा वर्षं वाट पाहावी ही सर्वसाधारण मर्यादा. हरवलेला माणूस आपला बाप असेल तर पंधरा आणि तरुणपणी गेलेल्यासाठी वीस, अशीही मतं आहेत. त्यानंतर पालाशविधी करावा. पळसाच्या पानांच्या 360 देठांचा देह रचायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. डोक्याला 40, मानेला 10, दोन्ही हातांना 100, हाताच्या बोटांना 10, छातीला 30, पोटाला 20, जननस्थानी 10, मांड्यांना 100, गुडघे आणि पोटऱ्या मिळून 30, पायाच्या बोटांना 10. डोक्याच्या जागी नारळ. बांधायला लोकरीचा धागा, वर जवाचं पीठ. 360 हा आकडा चरकसंहितेत सांगितलेल्या माणसाच्या हाडांचा. ज्याची अस्थीही हाती लागली नाही त्याच्यासाठी एकेक हाड मोजून पुन्हा मांडायचं. हा विधी ज्याने रचला त्याला हरवलेल्या माणसाचं दुःख कळलं होतं, असं तो करताना दर वेळी मला वाटतं.

हे सगळं मी मायलेकांना सांगितलं आणि म्हटलं, पण निर्णय तुमचा नाही. काकूंचा आहे.

मी गावी गेलो तो सर्वपित्रीच्या आदल्या आठवड्यात. काकू ओसरीवर मटकी निवडत बसल्या होत्या. त्रेसष्ट वर्षांची, काटक बाई. मी कशासाठी आलो ते तिला सांगितलेलं होतं. मी बसायच्या आत ती म्हणाली, "गुरुजी, मानूस हाय का न्हाय ते म्या ठरवायचं व्हय?"

मी म्हटलं, "नाही काकू. ते तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. शास्त्राने चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसापासून मोजायला सांगितलंय, ते दिवस कधीच भरले."

"आन् आलं तर?"

सगळं या प्रश्नावर अडलं होतं. आजोबांचं, थोरल्या भावाचं आणि तिचंही. क्रिया केली आणि माणूस दारात उभा राहिला तर आपण त्याला मारलं असं होईल, ही ती भीती. यालाही उत्तर ग्रंथात आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. दाह झालेला माणूस जिवंत परतला तर त्याला तुपाच्या कुंभात बुडवून बाहेर काढावं, स्नान घालावं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावेत, जणू नुकताच जन्मला. आणि त्याचं लग्न पुन्हा लावावं, पूर्वीच्याच बायकोशी.

काकूने मटकीचं सूप बाजूला ठेवलं. "त्याच बायकूशी?"

"त्याच."

ती उठून आत गेली. मला वाटलं बोलणं संपलं. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली आणि तिने दिवस सांगितला. "वटपुनवंचा उपास सोडला व्हता सकाळी. त्या दिशी गेलं." ज्येष्ठ वद्य प्रतिपदा. मरणाची तिथी ठाऊक नसेल तेव्हा घरातून निघाल्याची तिथी धरावी असं वचन आहे. चाळीस वर्षांत कुणाला ती तारीख आठवत नव्हती आणि हिला तिथी पाठ होती.

अग्नी कोण देणार हा पुढचा प्रश्न. भाऊबंदांनी गृहीत धरलं होतं की पुतण्या देणार. मी म्हटलं, निपुत्रिकाच्या क्रियेच्या अधिकाऱ्यांत पत्नीचं नाव येतं, आणि विभक्त कुटुंबात तर ते भाऊ-पुतण्याच्याही आधी येतं. या घराच्या चुली थोरला भाऊ पुण्याला गेला तेव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. बायकांनी घाटावर जायचं नाही ही रूढी. ती मोडायला मला शास्त्राशी भांडावं लागत नाही, वचन दाखवावं लागतं. एक वडीलधारे चिडले. मी पोथी त्यांच्यासमोर ठेवली.

कुंकवाचं मी माझ्याकडून काही बोललो नाही. आईनेच विषय काढला. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, त्याची बातमी तिने वाचली होती. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं यातलं काहीही आमच्या घरात होणार नाही, असं तिने जावेला सांगितलं. काकू म्हणाली, "माझं म्या बघीन." त्यापुढे तिला कुणी विचारलं नाही.

माहुली

कार्तिक वद्य एकादशीला, डिसेंबर 2023 च्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही संगम माहुलीला जमलो. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, रामशास्त्री प्रभुण्यांचं हे माहुली. साताऱ्याकडच्या लोकांच्या कितीतरी पिढ्यांचे अंत्यविधी या घाटाने पाहिले आहेत. पळसाचे देठ पुतण्याने पाटणच्या बाजूने आणले होते, आदल्या रात्री मायलेकांनी मोजून जुड्या बांधल्या होत्या. रचायला काकू स्वतः बसली. मी आकडा सांगायचो, ती मोजून ठेवायची. हातांच्या शंभरापाशी ती थांबली. म्हणाली, यांच्या उजव्या हाताचं एक बोट मागात सापडलं होतं, अर्धंच होतं. मी विचारात पडलो. मग म्हटलं, पूर्ण मांडा. तिने दहा देठ पूर्ण मांडले.

मंत्र पुराणोक्त. मी म्हणायचो, तिने अग्नी दिला. तीन दिवसांचं सूतक घरच्यांनी धरलं, काकूने दहा दिवस धरलं. मरण कसं आलं ठाऊक नाही म्हणून अकराव्या दिवशी नारायणबळी जोडला: ब्रह्मा, विष्णू, शिव, यम आणि प्रेत, पाच कलश. बाराव्या दिवशी सपिंडीकरण. लांबट प्रेतपिंडाचे तीन भाग करून ते वडील, आजोबा, पणजोबा यांच्या पिंडांत मिसळले. इथे प्रेतत्व संपतं आणि गेलेला माणूस पितरांच्या रांगेत बसतो. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. मी तिला सांगितलं, आता ते आपल्या वडिलांपाशी आहेत. सामानासह सगळा खर्च आठ हजारांच्या आत झाला.

नागबळी केला नाही. कारण नव्हतं.

कागद

क्रियेबरोबर कागद झाला नसता तर मी हे काम अर्धवट मानलं असतं. पितरांचं ऋण फेडायचं आणि मागे राहिलेल्या बाईचा हक्क लटकत ठेवायचा, हे मला पटत नाही. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या माणसांना लागली नाही तो मृत आहे असं कायदा गृहीत धरतो. 1872 च्या पुरावा कायद्यातलं हे कलम 108, जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात 111. पण ते कलम आपोआप दाखला देत नाही. आधी पोलिसांत नोंद करावी लागली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली, दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागला. त्यात वर्षाहून जास्त गेलं. हुकूम मिळाल्यावर मृत्यूची नोंद, मग वारस नोंद, मग फेरफार. सातबाऱ्यावर आता काकूचं नाव आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ती पहिल्या वर्गातली वारस, हे तिला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

वकिलांनी एक गोष्ट समजावून सांगितली. कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख नाही. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. तारीख सांगायची असेल तर ती सिद्ध करावी लागते. काकूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "कोरटाला तिथी ठावं नसंल. मला हाय."

नंतर

मुलाचं लग्न अजून ठरलेलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण अशी प्रकरणं सांगताना शेवटी लग्नाची पत्रिका दाखवायची सवय आपल्या क्षेत्राला लागली आहे. क्रियेचं फळ म्हणून मी या घराला काहीही कबूल केलं नव्हतं. काय बदललं ते मात्र सांगता येतं. गोमेद काढला. पाहुण्यांना घरातले सगळे आता एकच उत्तर देतात. आई स्थळांना पितृदोषाचं सांगत नाही आणि मला त्याविषयी विचारतही नाही. जमिनीची वाटणी झाली, त्यात काकूचा हिस्सा वेगळा मोजला.

2024 च्या वटपौर्णिमेला काकू वडाला गेली नाही. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेचं श्राद्ध घातलं. कुंकू ती लावते, थोडं बारीक.

21 सप्टेंबर 2025 ला सर्वपित्री होती. वर्ष उलटून गेलं होतं, म्हणून महालयात काकांचं नाव घेता येत होतं. मला साताऱ्यातलं काम आवरून पोचायला उशीर झाला. संकल्प गावातल्या गुरुजींनी सांगायला घेतला होता, पुतण्या अपसव्य करून बसला होता. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, सगळं मांडलेलं. पितृत्रयी झाली, मातृत्रयीत आजी, पणजी आणि खापरपणजी झाल्या, आजोळचे झाले. मग नातलगांची रांग सुरू झाली. तिथे काका म्हणजे पितृव्य, आणि म्हणायची ओघाची सवय अशी की पितृव्यापाठोपाठ 'सपत्नीकम्' येतंच. गावातल्या गुरुजींनी ते म्हटलं. पुतण्याने हातातलं तिळाचं पाणी सोडलं नाही. त्याने त्यांना थांबवलं आणि उंबऱ्याकडे हात केला. तिथे काकू बसली होती, कावळ्याचं पान हातात घेऊन.

गुरुजींनी मान हलवली आणि तो एक शब्द वगळून पुन्हा सुरुवात केली.